चाबूकशेपट्यांची वही

लग्न झाल्यापासून मी सवतींबरोबर नांदते आहे. घरी कुणी पाहुणे आले की मी त्यांना असंच सांगते आणि मग बाहेरच्या खोलीत नेऊन भिंतीला लावलेल्या सहा टाक्या दाखवते. पाहुण्यांना आधी काहीच दिसत नाही. वाळू, लाकडाचे तुकडे, मातीच्या नळ्या. मग त्यातली एखादी काडी हलते आणि पाहुणीबाई दचकून मागे सरते. तर ह्या ह्यांच्या लाडक्या. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या तळाशी राहणारे मासे. अंगावर हाडाच्या पट्ट्या, तोंड पोटाच्या बाजूला, आणि मागे निमुळती होत होत दोऱ्याएवढी झालेली शेपटी. शौकीन लोक त्यांना व्हिपटेल म्हणतात, मी चाबूकशेपट्या म्हणते. रंग म्हणाल तर चिखलाचा. एवढे रंगीबेरंगी मासे जगात असताना ह्या माणसाला ह्याच काड्या का आवडाव्यात, हे मला चौतीस वर्षांत कळलेलं नाही. पण विचारायला गेले तर मला तरी का पसंत केलं हा प्रश्न निघेल, म्हणून मी तो विषय काढत नाही.

हे वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांतले, दवाखान्यांतले, प्रयोगशाळांतले काचेच्या पेटीत बसवलेले नाजूक काटे. कागदाचा कपटा बोटावर ठेवून तो किती भरेल ते सांगायचे, आणि काट्यावर ठेवला की तेवढाच भरायचा. त्या कामाची एक शिस्त होती, ती आमच्या घरालाही लागली. प्रत्येक टाकीची वेगळी वही. वहीत चुकीचं लिहिलं गेलं तर खोडरबर चालत नाही, गिरवणं चालत नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. तिच्याखाली बरोबर नोंद, मग चुकीचं कारण, मग सही. मी सामानाच्या यादीत चहा खोडून कॉफी लिहिलं तरी हे गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "कारण?"

असा हा माणूस, आणि स्वतःचे डोळे जात होते ते दोन वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलं. दाराच्या चौकटीला खांदा आपटला की म्हणायचे, घाई झाली. पेला लवंडला की म्हणायचे, तू मध्येच ठेवतेस. बाहेरच्या खोलीतला दिवा तीनदा बदलून आणला, प्रत्येक वेळी जास्त उजेडाचा. मीही इतकी शहाणी, की उजेडाने माझ्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून भांडत बसले. शेवटी एक दिवस हे रस्त्यात सायकलवाल्याला धडकून पडले तेव्हा डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काचबिंदू. तो म्हणे कडेकडेने नजर खात आत येतो. डॉक्टरीणबाईंनी तपासून झाल्यावर दिवा बंद केला आणि म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंत तर बरंच वाचवता आलं असतं."

ते वाक्य त्यांनी एकदाच म्हटलं. मी ते उचललं आणि पुढे वर्षभर वापरलं. चहा सांडला की, आधी सांगितलं असतं तर. टपाल वाचून दाखवायला लागलं की, आधी सांगितलं असतं तर. शर्टाची बटणं वरखाली लागली की मी ती नीट लावता लावता तेच म्हणायची. मला राग यायचा, त्यांचा आणि त्या रोगाचा, आणि रोगाला बोलून काही उपयोग नव्हता. हे कधी उलटून बोलले नाहीत. नुसते मान खाली घालून ऐकायचे. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

नजर गेल्यावर ह्यांच्या हातून एकेक गोष्ट गळत गेली. काट्यांचं काम सुटलं, वाचन सुटलं, एकट्याने फिरायला जाणं सुटलं. एकच राहिलं होतं, ते म्हणजे ओळख. आम्ही ज्याच्याकडून टाकीतले मासे घेतो त्या मासेविक्याला एखादा मासा कुठल्या जातीचा ते कळेना झालं की तो फोन करायचा, "काका, नाक लांब आहे, शेपटीला वरच्या बाजूला दोरा आहे," आणि हे डोळे मिटून ऐकायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि नाव सांगायचे. आजारी माशांचंही तेच. फोन ठेवला की ह्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. एकदा मला म्हणाले, "बाकी सगळं गेलं. पण ओळख अजून माझी आहे." त्यानंतर मासेविक्याचा फोन आला की मी टीव्हीचा आवाज कमी करायला लागले.

घरच्या टाक्यांसाठी डोळे माझे आणि डोकं ह्यांचं. मी टाकीपुढे उकिडवी बसून दिसेल ते सांगायचं आणि ह्यांनी खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. वहीही मीच लिहायची.

सगळ्यात जास्त हुकूम सहाव्या टाकीबद्दल. तिच्यात तीन मासे होते, अडीच वर्षांपूर्वी आणलेले. मासेविक्याकडे ते बोटाएवढे असताना एका मिश्र खोक्यातून आले होते, नाव-गाव काही नव्हतं. ह्यांनी माशांची पिशवी उजेडाला धरली. खूप वेळ धरली. मग म्हणाले, "नळीवाले आहेत. नक्की." नळीवाले म्हणजे ज्यांची मादी मातीच्या नळीत अंडी घालते आणि नर आत पडून राहून परांनी वारा घालत ती सांभाळतो. वयात आला की त्या नराच्या गालांवर ब्रशासारखे केस येतात, त्यावरून तो ओळखायचा. ह्यांनी इतर टाक्यांतल्या जातींची पिल्लं काढली होती, पण ही जात म्हणे कुणाकडे नव्हती. घरी येताच ह्यांनी वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहिलं, खाली सही केली आणि टाकीत तीन नळ्या ठेवल्या. ती ह्यांच्या हातची शेवटची सरळ ओळ. त्यानंतरच्या ओळी खाली खाली घसरत गेल्या आहेत.

तेव्हापासून रोज सकाळी एकच प्रश्न. "गालावर केस आले का?"

"नाही."

"नीट बघ."

"अहो, सोळा वर्षांच्या मुलाने आरशात बघावं तसं रोज किती बघू? येतील तेव्हा येतील."

"नळीत कोण जातं?"

"कुणी जात नाही. वाळूत पुरून घेतात स्वतःला. नुसते डोळे वर."

"लाजतात," हे म्हणायचे. "वेळ लागतो."

अडीच वर्षं लाजत होते बिचारे.

त्या मंगळवारी सकाळी मी चष्मा न घालताच टाकीपुढे बसले. चष्मा आत होता आणि उठायचा कंटाळा. तिघांतला सगळ्यात मोठा मासा आठवडाभर खात नव्हता. तो काचेला चिकटून वर आला आणि त्याच्या तोंडाखाली काहीतरी लोंबताना दिसलं.

"अहो, ह्याच्या ओठाला गोळा आलाय."

हे खुर्चीत पुढे सरकले. "कसला गोळा? कापसासारखा?"

"हो... म्हणजे तसाच."

"पांढरा?"

"पांढरट. जरा पिवळट."

"खात नाही म्हणालीस ना? हालचाल?"

"एका कोपऱ्यात पडून असतो."

ह्यांनी डोळे मिटले. मला दिसत होतं की डोक्यात पानं उलटली जाताहेत. मग एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखं निवांतपणे म्हणाले, "बुरशी. कुठेतरी ओठाला खरचटलं असणार. आज काढली नाही तर तोंडात जाईल. घाबरू नकोस, मी सांगतो तसं कर."

मी केलं. जाळी घेतली नाही, कारण जाळीत ह्या माशांचे काटे अडकतात. वाडगा बुडवून त्याला अलगद आत घेतलं, ओला रुमाल अंगाभोवती धरला, उलटा केला. तो धडपडला नाही, पण ओठ इतका घट्ट मिटून घेतला की मला कापसाच्या काडीने सोडवावा लागला. तेव्हाही मला वाटलं नाही की हा काहीतरी धरून ठेवतोय. गोळा सगळाच्या सगळा सुटून वाडग्यात पडला. माशाला टाकीत सोडलं आणि चष्मा घालून वाडग्यात बघितलं.

कापूस नव्हता. दाणे होते, मोहरीपेक्षा थोडे मोठे, एकमेकांना चिकटलेले, पिवळसर आणि काचेसारखे आरपार. प्रत्येक दाण्यात दोन काळे ठिपके. मी बघत असताना एका दाण्यात आतल्या आत काहीतरी सरकन फिरलं.



"निघालं का?" ह्यांनी विचारलं. तोंड माझ्याकडे करायचं म्हणून केलं होतं, पण ते कपाटाकडे झालं होतं. "आता नीट सांग. बुरशीच्या तारा आहेत की दाणे?"

म्हणजे शंका त्यांनाही आली होती. तो प्रश्न काडी लावायच्या आधी विचारला असता तर बरं झालं असतं, पण आधी विचारावं असं त्यांना वाटलं नाही आणि आधी चष्मा घालावा असं मला वाटलं नाही. मी त्या कपाटाकडे वळलेल्या तोंडाकडे बघितलं. दाणे म्हणजे अंडी, आणि नळीवाल्यांची अंडी नळीत असतात, ओठावर नाही. दाणे म्हटलं तर ह्यांना एका क्षणात सगळं कळणार होतं. जात चुकली, पिशवी उजेडाला धरली तेव्हाच नजर गेलेली होती, आणि अडीच वर्षं ज्याची वाट बघितली ते आपण सांगून बायकोच्या हातून खरवडून काढलं. ओळख अजून माझी आहे, म्हणाले होते. ती मी कशी काढून घेऊ?

"तारा," मी म्हटलं. "बुरशीच होती."

हे खुर्चीत मागे टेकले. "बघ. लिही वहीत."

मी लिहिलं: बुरशी काढली. तारा होत्या. माझी सही केली.

दुपारी हे झोपल्यावर मी कपाटातलं माशांचं जाड पुस्तक काढलं. परक्या भाषेतलं आहे, मला एक अक्षर कळत नाही, पण चित्रं कळतात. एका पानावर अगदी आमच्यासारखाच मासा होता, खालचा ओठ पदरासारखा पसरलेला, आणि त्यावर अंड्यांचा घोस. म्हणजे नळीवाले नव्हतेच ते. ह्या जातीतला बाप अंडी ओठावर घेऊन फिरतो, उपाशी राहतो, आणि गालावर केस त्याला जन्मात येत नाहीत.

मी काचेच्या वाडग्यात टाकीतलंच पाणी घेतलं, अंडी त्यात ठेवली आणि स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यामागे लपवली. टाकीत परत सोडली असती तर बाकीच्या दोघी खाऊन बसल्या असत्या. जगवायची आणि मग एक दिवस सांगायचं, अहो, पिल्लं झाली, कशी कोण जाणे, असं काहीतरी मी मनात रचत होते. टाक्यांत हवेची नळी सोडतात तशी इथे सोडावी, हेही मनात आलं होतं. एक जादा पंप माळ्यावर होता. पण तो लावला की घरघरतो, आणि ह्यांचे कान आता घारीच्या डोळ्यांसारखे झालेत. स्वयंपाकघरात पंप कशाला, हा प्रश्न पाच मिनिटांत आला असता. म्हणून लावला नाही. नुसतं दिवसातून दोनदा पाणी बदललं.

बुधवारी ह्यांचं भिंग काढून बघितलं तर आतले जीव फिरत होते. मी वाडग्याशी कुजबुजत होते, अरे जगा रे बाबांनो, माझी लाज राखा. तीन अंडी पांढरी झाली होती ती चमच्याने काढली. गुरुवारी सकाळी पांढरी बरीच होती आणि त्यांच्यातून खरोखरची बुरशी आली होती, कापसासारखी, तारांची. मी म्हटलेलं खरं व्हायला दोन दिवस लागले.

आणि तो मासा? तो अजून खात नव्हता. वाळूवर फिरून फिरून त्याच कोपऱ्यात यायचा. ह्यांनी विचारलं, "सुधारतोय का?" मी म्हटलं, "सुधारतोय." एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप तोंडात येतं.

शुक्रवारी दुपारी मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आले तर हे स्वयंपाकघरात उभे. समोर ओट्यावर वाडगा. साखरेचा डबा नीट बाजूला सरकवलेला.

"वास येत होता," हे म्हणाले.

 माझ्या हातात कपडे तसेच. ह्यांनी बाही वर केली आणि पाण्यात दोन बोटं घातली. ह्याच बोटांनी आयुष्यभर काट्यांतला केसाएवढा फरक पकडला होता. एक दाणा उचलला, चिमटीत हलकेच दाबला, बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा.

"मेलेलं मऊ लागतं," ते म्हणाले, "जिवंत टणक." एवढंच. आणि पुढे एकेक दाणा तपासत राहिले. मी बघत होते. सगळा घोस त्यांनी बोटांनी सोडवला, न फोडता. ओट्यावर एक ओली ओळ तयार झाली.

"छप्पन्न," शेवटी म्हणाले. "तू आधी काही काढलीस?"

"तीन बुधवारी. काल सहा-सात."

"म्हणजे साठाच्या वर. एकही टणक नाही."

मग मी विचारलं. मला विचारायलाच हवं होतं. "काय करायला पाहिजे होतं?"

"पाणी हलतं ठेवायचं. तो ओठावर घेऊन फिरतो तो त्यासाठीच. हवेची एक नळी पुरली असती."

"मग जगली असती?"

"बरीचशी."

मी तिथेच उभी राहिले आणि वाट बघायला लागले. आता ते वाक्य येणार. वर्षभर मी त्यांच्या तोंडावर फेकलेलं, चहावरून, बटणांवरून, टपालावरून. आज ते पुरतं मला लागू होतं आणि त्यांना फक्त परत करायचं होतं. आधी सांगितलं असतंस तर. मी मनाची तयारी केली. खरं म्हणजे मला ते हवं होतं, एकदाचं फिटलं असतं. ह्यांनी हात धुतला. टॉवेल शोधत चाचपडले, मी हातात दिला. हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं.

ते म्हणालेच नाहीत.

"वही आण," म्हणाले. "पेनही."

आम्ही टाकीपुढे बसलो. ह्यांनी पहिलं पान काढायला सांगितलं. त्यांच्या हातची ती सरळ ओळ, जातीचं नाव, खाली सही.

"रेघ मार. एकच."

"अहो, राहू द्या ना."

"मार."

मी मारली. ह्यांनी खऱ्या जातीचं नाव सांगितलं, मी ते विचारून विचारून लिहिलं. "आता कारण," म्हणाले.  "लिही. तपासणाऱ्याला दिसत नव्हतं. त्याने सांगितलं नाही."

मला अक्षर दिसेना, तरी लिहिलं. त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं आणि त्यांनी तिथे सही केली. ती आधीच्या सहीवरून आडवी गेली. ह्यांच्या गालावरून पाणी ओघळलं तरी पुसलं नाही, बहुधा मला दिसत नसेल असं वाटलं असावं.

मग मी न सांगता मंगळवारचं पान काढलं. रेघ मारली. खाली लिहिलं: अंडी होती. साठाच्या वर. आत डोळे आलेली. कारण लिहायला मला वेळ लागला.

"कारण काय लिहिलंस?" ह्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "दिसत होतं. सांगितलं नाही."

ह्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि पेनासकट धरून ठेवला. टाक्यांचे पंप घरघरत होते. मी रडले, चांगली मोठ्याने रडले, आणि त्यांनी मला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्याला खायला घालून बघ. आता खाईल."

मी उठले. आधी आत जाऊन चष्मा घालून आले. मग खाण्याची गोळी त्याच्या पुढ्यात, अगदी नाकाशी सोडली.

"खातोय का?"

होय म्हणणं सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही खात."

"मग काय करतोय? नीट सांग."

मी काचेला नाक लावलं आणि जे दिसत होतं ते सांगितलं. "कोपऱ्यात बसलाय. गोळी समोर आहे, तिच्याकडे बघत नाहीये. ओठ पसरलाय. रिकामा आहे. आणि तो अजून हलवतोय, हळूहळू, वारा घातल्यासारखा."